दर्याला बंदी लागते, बाईला लागत नाही

प्रश्न असा आहे. देवगडजवळ राहणाऱ्या एक ताई, वय ४१. घरची हापूसची दीडशे कलमं आणि दोन खोल्यांचा होमस्टे. यंदा मोहोर दोनदा गळला, पेट्या निम्म्याही भरल्या नाहीत. मिस्टर मर्चंट नेव्हीत आहेत, त्यांच्या जॉइनिंगची तारीख तीनदा पुढे गेली, आणि जहाजावर नसताना पगार नाही. होमस्टेच्या कर्जाचे हप्ते चालूच आहेत. ताई लिहितात: "जून लागला, पाहुणे बंद झाले, आंबा संपला. आता खरं तर बसायला वेळ आहे. पण दुपारी पाठ टेकली की छातीत धडधडतं, काहीतरी राहून गेलंय असं वाटतं. मग उठून डबे घासते. सासूबाई काही बोलत नाहीत, पण त्यांच्यासमोर आडवं व्हायची लाज वाटते. घरावर अशी वेळ असताना आराम करणं बरोबर आहे का? की मलाच काही झालंय?"

ताई, तुमचं पत्र वाचताना मी त्या डब्यांपाशी अडखळले. ते आधीच घासलेले असणार, याची मला जवळजवळ खात्री आहे. कारण या जिल्ह्यात मानसोपचाराचं काम करायला लागून मला सव्वीस वर्षं झाली, आणि घासलेले डबे पुन्हा घासणाऱ्या, झाडलेलं खळं पुन्हा झाडणाऱ्या, घड्या घातलेल्या साड्या काढून पुन्हा घड्या घालणाऱ्या बायका मी दर पावसाळ्यात बघते. मे महिन्यात यातली एकही माझ्याकडे येत नाही. मेमध्ये आजारी पडायला कुणाला सवड असते? पेट्या भरायच्या, गाडी गाठायची, पाहुण्यांची आंघोळीची पाणी काढायची, रातांबे फोडायचे, साठं उन्हात घालायची. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून मात्र बाहेरचं बाकडं भरतं. डोकं दुखतं, छातीत धडधडतं, झोप लागत नाही. आणि जवळजवळ प्रत्येकीचं वाक्य एकच: "काम होतं तोपर्यंत बरी होते हो."

बरी नव्हतात. धावत होतात. अंगात धावपळीची रसायनं भरलेली असतात तेव्हा थकवा कळत नाही, दुखणं कळत नाही, भूकसुद्धा कळत नाही. थांबलं की सगळ्याची एकदम जाणीव होते. त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी ऐकून लोकांना नवल वाटतं. काही माणसांना आराम करायला लागल्यामुळेच घाबरं होतं. मानसशास्त्रात हे १९८०च्या दशकापासून नोंदलेलं आहे. श्वास संथ करा, अंग सैल सोडा असं सांगितलं की यांची छाती उलट जोरात उडायला लागते. ज्यांचा दिवस सतत सावध राहण्यात जातो, त्यांना सावधपणा सोडणं म्हणजेच धोका वाटतो. रात्री राखणीला बसलेल्या माणसाला डुलकी आली की तो जसा दचकून उठतो, तसंच हे आहे. तेव्हा धडधडलं म्हणजे आराम करणं चुकीचं होतं, असा अर्थ काढू नका. तुम्ही राखणीला बसला आहात, एवढाच त्याचा अर्थ.

आता राखण कशाची? आंबा गेला, तो गेला. त्याचं दुःख आहे, पण ते झालेलं आहे. तुमचं अंग जागं राहतंय ते जॉइनिंगच्या तारखेपायी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ४५ जणांना संगणकावर दगड दाखवायचे आणि कुठल्या दगडाखाली साप आहे ते ओळखायला लावायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका, चांगलाच दुखणारा. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजून ताण किती ते बघितलं. ज्यांना झटका नक्की बसणार हे माहीत होतं, त्यांचा ताण सर्वांत जास्त असेल असं आपल्याला वाटेल. तसं झालं नाही. बसेल की नाही हे निम्मं-निम्मं होतं, तेव्हा ताण सर्वांत जास्त होता. नक्की बसणार म्हटल्यावर माणूस थोडा सैलावतो.

तुमच्या घरात तीन महिने निम्मं-निम्मं चाललंय. मिस्टरांना "जहाज नाही, सहा महिने घरी बसा" असं स्पष्ट सांगितलं असतं तर तुम्ही रडला असता, भांडला असता आणि मग कामाला लागला असता. पण "पुढच्या आठवड्यात कळवतो" हे तीनदा ऐकलं की माणूस ना इकडचा ना तिकडचा होतो. बॅग भरायची की नाही? भातलावणीला गडी सांगायचे की मिस्टर आहेत म्हणून थांबायचं? म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की, तुम्ही दोघं गेले तीन महिने रिकामे नाही आहात. तुम्ही वाट बघताय. वाट बघणं हे काम आहे, आणि भारी काम आहे. बाहेरून मात्र ते आरामासारखं दिसतं: माणूस खुर्चीत बसलेला, हातात मोबाइल. त्यामुळे होतं काय, की विश्रांती मिळत नाही आणि विश्रांती घेतल्याचा आळ मात्र येतो.

मग अपराधी वाटणं घालवायचं कसं? मी सुरुवातीच्या काळात समजूत घालायचे. "तुम्ही इतकं करता, तुमचा हक्क आहे, स्वतःकडे बघा." माना डोलायच्या. घरी जाऊन डबे घासणं चालूच. समजुतीने हे जात नाही, हे मला शिकवलं ते मालवणच्या एका तांडेलाने, म्हणजे मासेमारीच्या होडीच्या म्होरक्याने. पंचावन्न-साठीचा माणूस, वर्षभर झोपेची तक्रार. जुलैत तपासायला आला तेव्हा म्हणाला, हल्ली गाढ झोपतो. मी म्हटलं, औषध लागू पडलं. तो हसला. "बंदी आसा म्हणान झोप लागता, डॉक्टर. नायतर खयची झोप?"

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. माशांचा विणीचा काळ आणि खवळलेला दर्या, अशी दोन्ही कारणं त्यात आहेत. पण त्या तांडेलासाठी या बंदीचा तिसराच उपयोग होता. शेजाऱ्याची होडीही किनाऱ्यावर शाकारून ठेवलेली. आपण झोपलो आणि तो मासे घेऊन आला, असं होणार नाही. सुरुवातीची तारीख ठरलेली, शेवटची ठरलेली, आणि दोन्ही त्याने ठरवलेल्या नाहीत. पैशाची चिंता त्यालाही होती. बंदीच्या काळात चूल पेटती ठेवायला आगोटीची बेगमी लागतेच, सुकं, तांदूळ, कुळीथ भरून ठेवावं लागतं, आणि रोजावरच्या खलाशाला तर बंदी म्हणजे उपासाचीच भीती. तरी झोप लागत होती. कारण झोपायचं की नाही, हा निर्णय त्याच्या डोक्यावर नव्हता.

आपल्याकडे ही अक्कल फार जुनी आहे. आचरा, चिंदर, वायंगणी या गावांतली गावपळण तुम्हाला ठाऊकच असेल, तुमच्यापासून काही लांब नाही. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल घेऊन अख्खं गाव घरंदारं सोडून वेशीबाहेर जातं. गुरं, कोंबड्या, म्हातारी माणसं, सगळ्यांसकट. तीन दिवस, तीन रात्री झोपड्यांत राहायचं आणि परत कौल घेऊनच घरी यायचं. त्यामागच्या श्रद्धेबद्दल मी बोलत नाही, तो माझा प्रांत नव्हे. मी बघते ते एवढंच की, त्या तीन दिवसांत घरातली बाई डबे घासू शकत नाही. डबे घरात आहेत आणि घर वेशीच्या आत. एरवी जिची पाठ टेकत नाही ती रात्री उशिरापर्यंत गप्पा मारत बसते, फुगड्या घालते, आणि कुणी तिला आळशी म्हणत नाही. गावानेच ठरवलंय म्हटल्यावर कोण म्हणणार?

दर्याला बंदी लागते. गावाला कौल मिळतो. किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या आणि पाण्यातले खेळसुद्धा मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. घरच्या बाईला यातलं काहीच लागू नाही. तिचा आराम नेहमी कुठल्या तरी कामाच्या पदराआड लपलेला. माझी आई दुपारी जेवणं उरकली की पडवीत बसायची. बसायची म्हणजे वाती वळायची. वाती पुरेशा झाल्या की चिंच साफ करायची, ती झाली की जुन्या लुगड्याच्या दशा काढायची. मी एकदा विचारलं, नुसती का बसत नाहीस? म्हणाली, "हात रिकामे कित्याक ठेवूचे?" आता वाटतं, तिला विश्रांतीच हवी होती आणि वाती हा तिचा परवाना होता. वाती वळणं वाईट नाही. हाताला चाळा असला की मन निवतं, हे खरंच आहे. पण परवान्याशिवाय बसता येत नसेल तर परवाना थोडा मोठा काढून घ्यावा.

तो परवाना तुमच्या घरातच आहे, ताई. मिस्टरांच्या बॅगेत.

जहाजावर विश्रांतीचे तास लिहून ठेवावे लागतात, हे तुम्ही त्यांच्याकडून ऐकलं असेल. आंतरराष्ट्रीय नियम आहे: कुठल्याही २४ तासांत किमान १० तास आणि ७ दिवसांत किमान ७७ तास विश्रांती. त्या १० तासांचे फार तर दोन तुकडे करता येतात आणि त्यातला एक सलग ६ तासांचा तरी हवा. नोंद ठेवायची, त्यावर सह्या करायच्या, खलाशाला त्याची प्रत द्यायची. हा नियम कुणाच्या दयाबुद्धीतून आलेला नाही. थकलेला माणूस जहाज खडकावर चढवतो, म्हणून आला. १९८९ साली अलास्काजवळ एक्झॉन व्हॅल्डेझ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळलं आणि मैलोन्‌मैल किनारा काळा झाला. त्या चौकशीत सुकाणूची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याचा थकवा आणि कामाचा बोजा हे एक कारण म्हणून नोंदलं गेलं. म्हणजे ज्या धंद्यात एका चुकीची किंमत कोटींत जाते, तिथे विश्रांती बक्षीस म्हणून देत नाहीत. ती ड्युटीचाच भाग असते. काम संपलं की आराम, असा हिशेब तिथे चालत नाही. जहाजावर काम कधीच संपत नाही. घरात तरी कुठे संपतं?

तर मिस्टरांना सांगा, तसाच एक कागद आखून द्या. आडवे चोवीस रकाने, उभे महिन्याचे दिवस. घरातल्या तिघा मोठ्यांसाठी तीन कागद, सासूबाईंचाही एक. आणि हे महत्त्वाचं: तुमच्या कागदावर सही मिस्टरांनी करायची, त्यांच्यावर तुम्ही. हसू येईल. पहिले दोन दिवस थट्टाच होईल, होऊ दे. माझ्या ओळखीच्या दोन-तीन खलाशी कुटुंबांत हे चाललंय. थट्टा संपल्यावर कागद उरतो.

सुरुवात मात्र लहान ठेवा. तुम्ही आज ठरवलं की उद्यापासून दोन तास झोपणार, तर पंधरा मिनिटांत धडधड होईल आणि तुम्ही म्हणाल, बघा, मला जमतच नाही. पहिला आठवडा फक्त वीस मिनिटं. जेवणानंतर, तीनच्या आत. आपल्याकडे वामकुक्षी म्हणतात ती उगाच नाही. दुपारी एक ते तीन या वेळात शरीराचं घड्याळ तसंही थोडं मंदावतं. झोप लागली तर उत्तम, नाही लागली तरी उठायचं नाही. अर्ध्या तासाच्या वर जाऊ नका, नाहीतर रात्रीची झोप बिघडेल आणि दुपारी जड डोक्याने उठाल. धडधड आली तर ती घालवायला जाऊ नका. येऊ दे. "आली राखणदारीण," एवढं मनात म्हणा आणि पडून राहा. पाच-सात मिनिटांत ती चढते आणि उतरते. एकदा तुम्ही पडल्या-पडल्या ती उतरताना अनुभवली की मग तिचं भय राहत नाही. उठून डबा हातात घेतला तर मात्र मेंदू शिकतो की डब्यामुळेच वाचलो.

आणि ही वीस मिनिटं आतल्या खोलीत दार लावून नको. पडवीत, सासूबाईंच्या देखत. हे ऐकून तुमच्या पोटात गोळा आला असेल, माहीत आहे. पण लपून घेतलेली विश्रांती चोरीसारखीच वाटत राहते. तुम्ही लिहिलंय की सासूबाई काही बोलत नाहीत. मग लाज कुणाची वाटते? कदाचित लहानपणी ऐकलेल्या "बसून खाल्लं तर डोंगरसुद्धा पुरत नाही" या वाक्याची. किंवा शाळेच्या भिंतीवर रंगवलेल्या "आराम हराम है"ची. सासूबाई निमित्तमात्र आहेत. त्यांना एकदा विचारूनच बघा, त्यांच्या तरुणपणी त्या दुपारी काय करायच्या. मी अशा बऱ्याच सासवांना विचारलं आहे. एकीने थोडा वेळ गप्प राहून सांगितलं, "विहिरीवर जास्तीची एक खेप घालायचे. तिथे कठड्यावर बसता यायचं."

मोबाइल त्या वीस मिनिटांत दुसऱ्या खोलीत. आंब्याचे दर, हवामानाचा इशारा, एजंटचा मेसेज, हे सगळं त्याच खिडकीतून आत येतं. जहाजाचा मेल वीस मिनिटं उशिरा वाचल्याने जॉइनिंग जात नाही, हे मिस्टरांकडून लिहूनच घ्या.

लोक म्हणतात, झाडंसुद्धा विश्रांती घेतात, हापूस बघा, एक वर्ष भरभरून आणि दुसऱ्या वर्षी कमी. मला हा दाखला आवडत नाही, निदान देवगडात तरी नाही. झाडाची विश्रांती बागायतदाराच्या पोटावर येते, हे सांगणाऱ्याला दिसत नाही. पण त्यातला एक तपशील तुमच्या कामाचा आहे आणि तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो. ज्या काडीने यंदा फळ दिलं ती लगेच मोहोरत नाही. तिला पालवी फुटावी लागते, ती पालवी जून व्हावी लागते. त्यावर आपण कल्टार नावाचं औषध काढलं. बुंध्याभोवती घातलं की पालवीचा जोर आवरतो आणि झाड दरवर्षी मोहोरायला लागतं. चूक काही नाही, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारसच आहे. पण कल्टार घालायचं आणि खतात हात आखडता घ्यायचा, असं चार-पाच वर्षं केलं की झाड कसं दिसतं, ते तुम्ही बागांमधून बघितलंय. तुमचं कल्टार म्हणजे चहा. पत्रात दिवसातून पाच वेळा लिहिलाय, म्हणजे सात वेळा असणार. चहातलं कॅफिन अंगातून निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकरालाही निम्मा शिल्लक असतो. चारनंतरचा चहा बंद करा. बाकीचे राहू देत, माणसाने एकदम सगळं सोडू नये.

आता पैशाबद्दल, कारण विश्रांतीच्या गप्पा मारणारे डॉक्टर इथे हळूच निसटतात. वीस मिनिटं पडून राहिल्याने हप्ता भरला जात नाही. खरंय. डबे घासूनही भरला जात नाही. चिंतेला दिवसात एक ठरलेली जागा द्या. दिवेलागणीच्या आधी अर्धा तास, दोघांनी, वही घेऊन. डाव्या पानावर जे आपल्या हातात आहे ते: बँकेत हप्ता चुकण्याआधी जाऊन बोलणं, साठं-आमसुलं कुणाला विकायची, लावणीचे गडी. उजव्या पानावर जे नाही ते: जहाज, पाऊस, पुढचा मोहोर. डाव्या पानातली एकच गोष्ट उद्यासाठी ठरवायची आणि वही बंद. रात्री दोन वाजता उजवं पान आठवलं तर त्याला सांगायचं, उद्या साडेसहाला भेटू. हास्यास्पद वाटतं, पण काळजी पुढे ढकलता येते. नाकारता येत नाही. बँकेत मात्र खरंच जा आणि लवकर जा. हप्ता थकल्यानंतर जाणाऱ्याचं आणि थकण्याआधी जाणाऱ्याचं बोलणं एकसारखं ऐकलं जात नाही.

आमच्याकडे सकाळचं नांगरट उरकलं की जोत सोडतात. शेत अर्धं राहिलेलं असतं, तरी सोडतात. बैल दमले की नाही हे विचारत नाहीत, वेळ झाली की सोडतात. तुमच्या दिवसालाही जोत सोडायची एक वेळ हवी. रात्री साडेआठ म्हणा. त्यानंतर ओट्यावर जे पडलंय ते सकाळचं.

हे मी शहाणपणाने सांगतेय असं समजू नका. १६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याला घासून गेलं. आधीच कोरोनाची दुसरी लाट. वीज कित्येक दिवस नव्हती, माडपोफळी आडव्या, छपरं उडालेली, लोकांची औषधं संपलेली. मी तीन आठवडे एकही सुट्टी घेतली नाही आणि त्याचा मला अभिमान होता. चौथ्या आठवड्यात एका म्हातारबांना अर्ध्या गोळीऐवजी दीड गोळी लिहून दिली. औषधवाल्याने फोन करून विचारलं म्हणून निभावलं. त्या दिवशी संध्याकाळी मी दवाखान्याला कुलूप घातलं आणि तीन दिवस उघडलं नाही. बाहेर पाटी लावताना हात थरथरत होता. "वैयक्तिक कारणास्तव बंद," असं लिहिलं. "डॉक्टर झोपल्या आहेत," असं लिहायची हिंमत तेव्हा मलाही झाली नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न: मला काही झालंय का? पत्रावरून आजार वाटत नाही. भूक आहे, मुलीच्या शाळेचं तुम्ही कौतुकाने लिहिलंय, बाग पुन्हा उभी करायचे बेत आहेत. तरी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि बी-ट्वेल्व्ह एकदा तपासून घ्या. चाळिशीत बायकांचा निम्मा "आळस" या चार तपासण्यांत सापडतो. पाळी पुढेमागे होत असेल तर तेही सांगा, धडधड तिथूनही येते. लावणीच्या चिखलात उतरून आलात आणि ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, असं काही झालं तर हे सगळं मानसिक समजून घरी बसू नका. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या चिखला-पाण्यातून होणारा ताप, आपल्याकडे आहे आणि तो थांबत नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.

आणि ओळखायची खूण अशी. थकलेल्या माणसाला विश्रांती मिळाली की चार-आठ दिवसांत थोडी तरतरी येते, आवडीची गोष्ट पुन्हा आवडते. नैराश्यात तसं होत नाही. दोन आठवड्यांहून जास्त, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न, कशातच गोडी नाही, पहाटे तीन-चारला जाग आणि मग झोप नाही, जेवण बेचव, "मी घराला ओझं झालेय" असे विचार. यात "मी आराम करतेय" याचा अपराध नसतो, "मी आहे" याचाच अपराध वाटतो. हे दोन वेगळे आहेत. दुसरा प्रकार असेल तर वीस मिनिटांच्या वामकुक्षीने भागत नाही, औषध लागतं आणि ते लागू पडतं. जगणं नकोसं वाटलं तर रात्र काढायची वाट बघू नका, १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. हे मिस्टरांनाही वाचून दाखवा. पत्र तुम्ही लिहिलंत, पण खुर्चीत बसून मोबाइलकडे बघणाऱ्या माणसाबद्दल मला तुमच्याइतकीच काळजी वाटते. जहाजावर ज्याला चार तासांची वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, संपली की उतरता येतं, त्याला तीन महिने वॉचवरून उतरवलेलं नाही. त्याच्या कागदावर सही करताना जरा कडक राहा.

कागद १ जुलैला सुरू करा. अख्ख्या किनाऱ्याबरोबर ३१ जुलैला बघा, किती रकाने भरले. कोरे राहिलेले खाडाखोड करून भरू नका, मला ते तसेच बघायचे आहेत. नारळी पौर्णिमेच्या आसपास मालवणला येणं झालं तर तिन्ही कागद घेऊन या. सासूबाईंचा आधी दाखवा.